वासे मोजणाऱ्यांची शाळा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या गॅलरीत आकाशकंदील लावण्याचा सोहळा चालला होता. सोहळा म्हणजे मी स्टुलावर उभा, सौभाग्यवतींनी स्टूल धरलेले, आणि खालच्या चौकातून सगळी बिऱ्हाडे "जरा डावीकडे, जरा उजवीकडे" असे मार्गदर्शन करीत आहेत. या मार्गदर्शनात शेजारच्या वहिनींचा आवाज दरवर्षी सर्वांत वरचा असतो. गेल्या वर्षी तो ऐकू आला नाही.

रात्री जेवणे आटोपल्यावर त्या करंज्यांची ताटली घेऊन आल्या. ताटली ठेवली, पण उठेनात.

"भावजी, तुम्ही या सदरात जगभरच्या गोष्टी सांगता. आज माझ्या घरातली एक ऐका. पोरगा बोटीवर जायचे म्हणतो. जाऊ देऊ का?"

मुलगा बारावी झालेला. अंगाने काटक, स्वभावाने सरळ. त्याला कुणी एक एजंट भेटला होता. तीन लाख रुपये द्या, तीन महिन्यांत सर्टिफिकेट हातात देतो, आणि सर्टिफिकेटाबरोबर परदेशी बोटीवर नोकरीही देतो, असे त्याचे बोलणे होते. निम्मे पैसे पाडव्यापर्यंत हवे होते. वहिनींनी पाटल्या मोडायची तयारी केली होती. पण आईचे मन, ते कुठेतरी अडत होते.

मुलाच्या वडिलांना मात्र कसलीच शंका नव्हती. "आम्ही देवगडचे," ते दारातूनच म्हणाले. "माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते. दर्या आमच्या रक्तात आहे. त्याला तीन महिने तरी कशाला हवेत शिकायला?"

मी एकदम उत्तर दिले नाही. कंदिलाच्या पलीकडे, समोरच्या इमारतीवरच्या टाकीशेजारी, कृत्तिकांचा पुंजका वर आला होता. दिवाळीच्या दिवसांत तो रात्री आठाच्या सुमारास पूर्वेला दिसू लागतो, आणि त्याच सुमारास तिकडे पश्चिमेला ज्येष्ठेचा लाल तारा मावळून जातो. एक येते तेव्हा दुसरी जाते. मला एकाएकी एका राष्ट्राची आठवण झाली. त्या राष्ट्राचे सारे जुने पंचांग या दोघींवर उभे आहे, आणि वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्याने फार पूर्वी शोधून ठेवले आहे.

त्या रात्री वहिनींना आणि त्यांच्या यजमानांना जी हकीकत सांगितली तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, किरिबाती नावाचा देश आहे. लिहितात किरिबाती, पण म्हणतात किरिबास. 'गिल्बर्ट्स' या इंग्रजी नावाला तिथल्या जिभेने दिलेले हे रूप. बेटे एकूण ३३. सगळी प्रवाळाची, आणि त्यांतले एक सोडले तर बाकीची समुद्रापासून जेमतेम दोनतीन मीटर उंच, आणि बहुतेक कंकणद्वीपे. म्हणजे मध्ये उथळ, शांत, हिरवे पाणी आणि भोवती बांगडीसारखी जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पट्टीच्या एका बाजूला उभे राहिले की दुसऱ्या बाजूचा समुद्र दिसतो.

सगळी जमीन एकत्र केली तर भरते ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहून अधिक. पण या देशाच्या हक्काचा समुद्र आहे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या भारताच्या भूमीहून मोठा. माणसे सव्वा लाखाच्या आतबाहेर. नारळ, केवड्याच्या जातीची झाडे, नीरफणस आणि मासे एवढीच निसर्गाची देणगी. अशा ठिकाणी जन्मलेल्या माणसाला समुद्र रक्तातूनच मिळत असणार, असे आपल्याला सहज वाटते. देवगडकरांना वाटले तसेच.

पण त्या लोकांना स्वतःला तसे कधी वाटले नाही.

आर्थर ग्रिंबल नावाचा एक इंग्रज तरुण १९१४ साली तिथे सरकारी नोकरीवर गेला. पुढे तो त्या वसाहतीचा मुख्य अधिकारी झाला. बेटावरच्या जुन्या नावाड्यांजवळ बसून त्याने त्यांची ताऱ्यांची विद्या टिपून घेतली आणि १९३१ साली प्रसिद्ध केली. त्या टिपणात त्यांच्या शाळेची हकीकत आहे, आणि ती मोठी मौजेची आहे.

तिथे गावोगावी एक मोठे सभागृह असते. त्याला म्हणतात मनेआबा. आपली चावडी आणि देवळाचा सभामंडप एकत्र करावा तसे. खांबांवर तोललेले भले थोरले शाकारलेले छप्पर, आणि बाजूंनी मोकळे. समुद्रावर जाणाऱ्या मुलाला गुरू या छपराखाली बसवी आणि वर पाहायला सांगे. रात्रीच्या आकाशाचे नावाड्यांच्या भाषेतले नावच मुळी 'सफरीचे छप्पर' असे होते. वरचे आढे म्हणजे आकाशाच्या माथ्यावरून जाणारी मध्यरेषा. पूर्वेकडचे पाखे म्हणजे पूर्वेचे आकाश, पश्चिमेकडचे पाखे म्हणजे पश्चिमेचे. वासे आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या वल्या यांनी आकाशाचे चौकोनी खण पडत. अमुक ऋतूत, दिवस मावळताना, अमुक तारा कुठल्या वाशाजवळ, कितव्या खणात? पहाटे तो कुठे गेलेला असेल? हे सारे मुलाने छपराकडे बोट दाखवून सांगायचे. छपराखाली चुकला तर गुरू दुरुस्त करी. भर समुद्रात चुकला तर दुरुस्त करायला कोणी नाही.

आपल्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजणे ही शिवी आहे. तिथे वासे मोजणे हाच अभ्यास.

कृत्तिकांना ते म्हणतात नेई आउती. 'नेई' हे बाईमाणसाच्या नावामागे लावायचे उपपद, म्हणजे आपल्या भाषेत 'आउतीबाई'. आपल्याकडे कृत्तिका या कार्तिकेयाच्या सहा माता. पृथ्वीच्या दोन टोकांना राहणाऱ्या लोकांना हा पुंजका पाहून बाईमाणूसच आठवावे, ही गंमतच नव्हे का? ज्येष्ठेच्या ताऱ्याला ते म्हणतात रिमविमाता. सांजवेळी पूर्वेला आउतीबाई दिसू लागल्या की पश्चिमेचे लहरी, वादळी वारे येणार, होड्या ओढून ठेवा. पुढे त्याच जागी रिमविमाता दिसू लागला की सफरीचे दिवस. आपण नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मचवे पाण्यात लोटतो, त्यातलाच हा प्रकार.

ताऱ्यांच्या जोडीला लाटांचा अभ्यास होता. दूरवरून येणारी संथ मोठी लाट कोणत्या दिशेची आणि जवळच्या वाऱ्याने उठलेली कोणती, हे होडीच्या हेलकाव्यावरून ओळखायचे. संध्याकाळी पक्षी कुठल्या दिशेने परततात ते पाहायचे. ढगाच्या पोटाला हिरवट झाक दिसली तर खाली बेटातले उथळ पाणी आहे असे समजायचे. दक्षिणेकडच्या अरोराए बेटावर प्रवाळाचे मोठाले दगड ठरावीक रोखाने मांडून ठेवलेले आजही दिसतात. त्या दगडांचे तोंड शेजारच्या बेटांकडे आहे. ही विद्या घराण्याघराण्यांत जपलेली, ऐऱ्यागैऱ्याला न देण्याची. पण ज्याला द्यायची त्यालाही ती अशी बसवून, विचारून, चुका काढूनच दिली जाई. "तू नावाड्याचा मुलगा, तुला सगळे आपोआप येईल," असे कुणी म्हणत नसे.

ही झाली जुनी शाळा. आता नवी.

या बेटांवर इंग्रजांचे राज्य होते. उत्पन्नाची साधने दोनच, खोबरे आणि बनाबा बेटावरचे फॉस्फेट. बनाबा हे त्या ३३ बेटांतले एकटे उंच बेट. १९०० सालापासून ते खणून खणून त्याची माती खतासाठी देशोदेशी गेली. खाणीवर गिल्बर्ट बेटांतली माणसे मजुरी करीत. पण खाण ही काही अक्षय्य थाळी नव्हे. ती एक दिवस संपणार हे दिसत होते, आणि १९७९ साली ती खरोखरच संपली. त्याच वर्षी १२ जुलैला देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्य आले आणि तिजोरी गेली, अशी ती वेळ.

सुदैवाने बारा वर्षे आधी एक शहाणपणाचे काम होऊन गेले होते. १९६७ साली तारावा कंकणद्वीपाच्या टोकाला, बेशियो नावाच्या बेटावर, जर्मन जहाजकंपन्यांच्या पाठबळाने खलाशांची एक शाळा निघाली होती. बेशियोचे नाव जगाने त्यापूर्वी एकदाच ऐकले होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकन आणि जपानी फौजांची तिथे तीन दिवस अशी लढाई झाली की त्या चिमुकल्या बेटावर पाचसहा हजार माणसे मेली. जपानी तोफा तिथल्या किनाऱ्यावर गंजत पडल्या आहेत. त्या किनाऱ्यावर मुले बोटीवरचे काम शिकू लागली. डेकवरचे काम, इंजिनातले काम, आणि भटारखान्याचे व वाढप्याचे काम. शेजारच्या तुवालू देशाने, ज्याची वस्ती आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी, १९७९ साली फुनाफुती कंकणद्वीपातल्या अमातुकू बेटावर अशीच स्वतःची शाळा काढली.

इथे देवगडकरांनी मला थांबवले. "म्हणजे ज्यांचे आजे ताऱ्यांवरून बेटे हुडकीत होते, त्यांना दोर ओढायला शिकवायला जर्मन लोक?"

प्रश्न रास्त होता. याचे उत्तर मला अशा शाळांचा अभ्यासक्रम वाचताना मिळाले, आणि तेव्हा मीही चपापलो होतो. बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कप्तान होणार असो की आचारी, चार गोष्टी आधी शिकाव्या लागतात. पाण्यात जीव कसा वाचवावा, आग कशी लागू देऊ नये आणि लागल्यास कशी विझवावी, प्रथमोपचार कसा करावा, आणि स्वतःला व सोबत्यांना सांभाळून कसे वागावे. वाचताना सोपे वाटते. पण यातला एकेक धडा आपल्या उपजत बुद्धीच्या नेमका उलटा आहे.

पहिला धडा घ्या. बेटावरचे पोर चालायच्या आधी पोहायला शिकते म्हणा ना. तिथले पाणी बाराही महिने कोमट. पण याच पोराची बोट उद्या युरोपाच्या उत्तर समुद्रात बुडू लागली तर? तिथल्या थंड पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्या मिनिटांत चालेनासे होतात. जो जोराने हात मारतो त्याच्या अंगातली ऊब लवकर जाते आणि तो लवकर मरतो. म्हणून शाळा सांगते, जवळ तराफा किंवा होडी नसेल तर पोहू नकोस. जाकीट घट्ट बांध, गुडघे पोटाशी घे, हात छातीशी धर, सोबती असतील तर एकमेकांना बिलगून राहा आणि वाट पाहा. जन्मभर ज्याला पोहण्याची शाबासकी मिळाली त्याला हे पटवणे सोपे नाही. ते दहादा करून घेतल्यावरच अंगात मुरते.

दुसरा धडा. जहाजाच्या पोटात मोठमोठ्या बंद टाक्या असतात. कधी गंजामुळे, कधी आतल्या मालामुळे त्यांतला प्राणवायू नाहीसा झालेला असतो. आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. वरचा सोबती काय करील? धाव घेईल. बेटावरच्या बोटीत तर तो सोबती मावसभाऊ किंवा मेव्हणाच असायचा. तो उडी घेतो आणि त्याच्या शेजारी पडतो. मग तिसरा. अशा अपघातांत मेलेल्यांत वाचवायला गेलेले पुष्कळ असतात. म्हणून शाळा म्हणते, आत जाऊ नकोस. घंटा वाजव, माणसे बोलाव, हवेची नळकांडी पाठीवर बांधल्यावाचून पाय ठेवू नकोस. भाऊ समोर पडलेला असताना दारात थांबायचे. हे रक्त शिकवील का? रक्त तर नेमके उलटे सांगते.

तिसरी गोष्ट सुकाणूची. कप्तानाचा हुकूम कानी आला की सुकाण्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मग चाक फिरवायचे, आणि फिरले की पुन्हा तसे सांगायचे. आपल्याला हे पोपटपंचीसारखे वाटते. पण त्या पुलावर कप्तान एका देशाचा, सुकाण्या दुसऱ्या देशाचा, आणि मधली इंग्रजी दोघांनाही परकी. हुकूम परत म्हणण्यात चूक पकडली जाते. वाळूचा पट्टा पाचशे हातांवर असताना 'मला वाटले आपण डावीकडे म्हणालात' हे वाक्य फार महाग पडते.

हे सांगत असताना माझ्या डोळ्यांपुढे माझी आई होती. ती अलिबागकडची. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत तिचे मामा होते. पुढे कितीतरी वर्षे ती म्हणे, "मामा भारी पोहायचे रे. सगळ्या आळीत तसे कोणी पोहत नव्हते." या वाक्यापुढे ती कधी काही बोलली नाही. मी ते त्या रात्री वहिनींना सांगितले तेव्हा देवगडकरही दारातून आत येऊन बसले.

बरे, शाळा काढली एवढ्याने भागत नाही. ती खरी आहे की खोटी हे जगाला कसे कळावे? त्यासाठी १९७८ साली राष्ट्रांनी एक करार केला आणि १९८४ पासून तो लागू झाला. खलाशाला किमान काय आले पाहिजे, प्रमाणपत्र कोणी व कसे द्यावे, हे त्यात लिहिले आहे. १९९५ साली तो कडक झाला आणि २०१० साली मनिला येथे पुन्हा सुधारला. १९९५ नंतर तर कोणत्या देशाची व्यवस्था या कसोटीला उतरते त्यांची यादीच होऊ लागली. किरिबातीसारख्या मूठभर लोकांच्या देशाने त्या यादीत आपले नाव नेले. विचार करा, ज्या देशाजवळ विकायला खोबरे, मासे आणि माणसाचे हात याखेरीज काही नाही, त्याचे नाव त्या यादीतून गळले तर गावेच्या गावे बसतील. तिथे एका मुलाला खोटे सर्टिफिकेट देणे म्हणजे साऱ्या गावाच्या विहिरीत घाण टाकणे.

या शाळेने काय दिले? या शतकाच्या आरंभी किरिबातीचे हजाराहून अधिक खलाशी परदेशी, मुख्यतः जर्मन, बोटींवर कामाला होते. प्रत्येकाच्या पगारातला ठरलेला भाग दरमहा घरी पोचे. त्यावर आईबाप, भावंडे, मामाची मुले, चर्चची वर्गणी, सगळे चाले. आपल्याकडे गिरणीत एक मनुष्य लागला की कोकणातली दोन घरे चालत, तसेच हे.

आणि काय घेतले? ते लपवण्यात अर्थ नाही. मुले बापावाचून मोठी होतात. बाप वर्षावर्षाने येतो, तेव्हा धाकटे त्याला पाहुणा समजते. शाळेतून बहुधा हाताखालचे खलाशी तयार होतात. अधिकारी व्हायचे तर पुढच्या शिक्षणाला बेट सोडावे लागते. २००८ साली जगाचा व्यापार मंदावला, जर्मन कंपन्यांच्या कितीतरी बोटी नांगरून पडल्या, आणि पहिली कुऱ्हाड दूरच्या माणसावर आली. तारावाहून खलाशाला बोटीपर्यंत आणायचे विमानभाडेच इतके, की जवळपासचा मनुष्य मालकाला स्वस्त पडतो. विद्या चांगली असून नोकऱ्या कमी झाल्या. चांगल्या शाळेने पोट भरेलच असे कोणी लिहून देत नाही.

सर्वांत कठीण दिवस आले ते २०२० साली. कोविडची साथ सुरू होताच किरिबातीने आपली दारे बंद केली. इस्पितळांची ऐपत बेताची, साथ आत शिरली असती तर हाहाकार झाला असता. निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण जे खलाशी त्या वेळी जगाच्या समुद्रांवर होते ते बाहेरच राहिले. करार संपले, बोटी सोडल्या, आणि घरी जायला वाट नाही. शंभराहून अधिक जण जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात, एका तरुणांच्या वसतिगृहात, महिनोन् महिने अडकून पडले. तिथल्या खलाशी मिशनच्या लोकांनी त्यांची काळजी घेतली. काहींना घर सोडून दीड-दोन वर्षे झाली. विषुववृत्तावर वाढलेली ती माणसे खिडकीतून बर्फ पाहत बसली. पाण्यात जीव वाचवायचा धडा शाळेने दिला होता, पण स्वतःच्याच देशाच्या दाराबाहेर कसे थांबावे हा धडा कुठल्याच शाळेत नव्हता.

वहिनींनी इथे डोळ्यांना पदर लावला. "मग नकोच पाठवायला," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "वहिनी, आणखी एकच सांगतो. त्या बेटांवर आता समुद्र चढतो आहे. भरतीचे खारे पाणी विहिरींत शिरते. अनोते तोंग हे २००३ ते २०१६ तिथले राष्ट्राध्यक्ष होते. ते म्हणत, आमच्या लोकांवर कधी बेट सोडण्याची पाळी आली तर त्यांनी निर्वासित म्हणून नव्हे, हातात विद्या असलेली माणसे म्हणून सन्मानाने जावे. त्यांच्यानंतरच्या सरकारने 'आम्ही इथेच राहणार' या गोष्टीवर भर दिला. पण जायचे असो की राहायचे, पोराच्या हातात खरी विद्या असावी याबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. जाऊ द्यावे की नाही हे मी सांगणार नाही. ते तुम्ही तिघांनी ठरवायचे. पण जायचे ठरले तर तो कुठल्या शाळेतून जातो, हे मात्र पाहा."

मग आम्ही मुलालाच बोलावले. मी त्याला तीन प्रश्न विचारले. ज्या वाचकांच्या घरी असाच मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनीही ते विचारावेत. पहिला, ही शाळा आपल्या नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली आहे का? साध्या खलाशाचा मान्यताप्राप्त पूर्वशिक्षणक्रम सहा महिन्यांचा असतो, तीन महिन्यांत तो कसा उरकतो? दुसरा, नोकरी देणाऱ्या माणसाजवळ खलाशी भरती करण्याचा सरकारी परवाना आहे का, आणि त्याचा नंबर काय? तिसरा, पैसे कशाचे मागतो आहे? शिक्षणाची फी शाळा पावती देऊन घेते, ते ठीक. पण बोटीवर नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे कायद्यालाच मंजूर नाही.

मुलाला तिन्हींची उत्तरे माहीत नव्हती. त्याने तिथल्या तिथे फोनवर महासंचालनालयाची यादी उघडली. वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली. एजंटाने सांगितलेले नाव तिच्यात नव्हते. देवगडकर बराच वेळ त्या यादीकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "आजोबांनाही त्यांच्या तांडेलाने सात पावसाळे शिकवले होते. मी ते विसरलोच." पाटल्या मोडल्या गेल्या नाहीत.

मुलाने रीतसर अर्ज केला. जानेवारीत एका मान्य संस्थेत तो दाखल झाला, जुलैत बाहेर पडला. नोकरी लगेच मिळाली नाही. दोन महिने तो रोज सकाळी कागदांची फाईल घेऊन बाहेर पडे आणि संध्याकाळी तोंड पाडून परत येई. वहिनींनी त्या काळात मला एकदाही टोमणा मारला नाही, हा त्यांचा मोठेपणा. सप्टेंबरात त्याला बोट मिळाली.

दिवाळी अंकाचा मजकूर आम्हां लिहिणाऱ्यांना नवरात्रातच द्यावा लागतो. परवा घटस्थापनेच्या दिवशी मुलाचा फोन आला, तेव्हा मी योगायोगाने तिथेच होतो. आवाज तुटत होता. जेवण बरे आहे, आचारी गोव्याचा आहे, उकाडा फार आहे, असे काहीबाही बोलणे झाले. शेवटी वहिनींनी प्रत्येक आई विचारते तेच विचारले. "स्वतःला जपतोस ना रे?"

"आई, दर आठवड्याला कवायत असते," तो म्हणाला. "जाकीट बांधून रांगेत उभे राहायचे. परवा मीच सगळ्यांच्या आधी बांधले."

वहिनींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, यंदा कंदील तुम्ही आमच्या गॅलरीतही लावा. तो लावायचा दरवर्षी. स्टूल मी धरीन."

मी हो म्हटले आहे. वसुबारसेला चढायचे आहे. त्या मात्र स्टूल धरून डावीकडे, उजवीकडे सांगतीलच. हुकूम मोठ्याने परत म्हणून मगच कंदील हलवावा, असे मी ठरवले आहे.